कॅम्बरचे पैसे भरले, कॅम्बर होता तिथेच

व्हील अलाइनमेंटचा, म्हणजे चाकांचे कोन जुळवण्याचा, दर दारातल्या बोर्डावर ठळक लिहिलेला असतो आणि तो कुणालाही परवडेल असाच असतो. खरी कमाई बोर्डावर न लिहिलेल्या कामांत आहे. माझं बिल त्या दराच्या चौपटीच्या वर गेलं. त्यातली सगळ्यात मोठी रक्कम ज्या कामाची होती, ते काम झालंच नव्हतं.

तक्रार एवढीच होती की सपाट, सरळ रस्त्यावरही गाडी डावीकडे ओढते. गाडी रॅम्पवर घेतली, चाकांना क्लॅम्प लावले आणि स्क्रीनवर लाल आकडे झळकले. "टायर आतून खायला लागलेत. चारही चाकांचा कॅम्बर आउट आहे. असंच चालवलंत तर टायर फुटेल." कॅम्बरचा, म्हणजे चाकाच्या आत-बाहेर कलण्याच्या कोनाचा, दर वेगळा आणि तोही दर चाकामागे, हे त्याच दमात सांगून झालं. समोर लाल रंग आणि कानावर टायर फुटण्याची गोष्ट, यावर कोण घासाघीस करणार?

घरी आल्यावर रिपोर्ट नीट वाचला. त्यात प्रत्येक कोनाचे दोन आकडे असतात, कामाआधीचा आणि कामानंतरचा. पुढच्या डाव्या चाकाचा कॅम्बर आधी उणे ०° २२′ आणि नंतरही उणे ०° २२′. बाकी तिन्ही चाकांची तीच गत. बदलला होता फक्त पुढचा टो. म्हणजे बोर्डावरच्या दरात जे बसतं तेवढंच काम झालं होतं, आणि त्यांच्याच मशीनने तसं छापून दिलं होतं!

आता हे कोन म्हणजे काय, ते थोडक्यात. समोरून पाहताना चाक आत किंवा बाहेर किती कललंय, तो कॅम्बर. वरून पाहताना दोन्ही चाकांची तोंडं एकमेकांकडे वळलीत की बाहेर, तो टो. आणि स्टेअरिंग ज्या अक्षावर फिरतं त्याचा पुढे-मागे कल म्हणजे कास्टर. पुढचा टो टाय रॉडवरून (स्टेअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्यावरून) फिरवता येतो, जवळपास सगळ्याच गाड्यांत. पण पुष्कळ छोट्या गाड्यांत पुढचा कॅम्बर फिरवायची सोयच कंपनीने दिलेली नसते. मागे सरळ बीमचा अ‍ॅक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच आडवा भाग) असेल तर तिथे सहसा कॅम्बरही फिरत नाही आणि टोही नाही. माझ्या गाडीला मागे तसाच बीम आहे. तरीही मागच्या दोन चाकांचे 'कॅम्बर करेक्शन' बिलात होतेच. सोय नसलेल्या ठिकाणी काही जण जॅकने जोर लावून भाग वाकवतात. तसं करू देऊ नका. कोन खरोखर बिघडला असेल तर बहुतेक वेळा काहीतरी वाकलेलं किंवा झिजलेलं असतं, आणि तो भाग बदलणं हाच उपाय असतो.

स्क्रीन लाल करणं अवघड नाही, हेही लक्षात ठेवा. क्लॅम्प रिमवर वाकडा बसला, रनआउट (रिम किंवा क्लॅम्पच्या वाकडेपणामुळे मापात येणारी चूक) काढला नाही किंवा यादीतून दुसरंच मॉडेल निवडलं, की चांगल्या चाकाचे आकडेही लाल दिसतात. माझ्या वेळी चाकं जरा पुढे-मागे फिरवून तो रनआउट काढलाच नव्हता. सगळ्यात आधी हवा तपासायची असते, तीही कुणी तपासली नाही.

आणि गंमत हवेतच होती. गाडी ओढायची थांबली नाही, म्हणून दुसरीकडे नेली. त्या मिस्त्रीने रॅम्पवर घेण्याआधी हवा मोजली. पुढच्या डाव्या टायरमध्ये उजव्यापेक्षा बरीच कमी. ज्या बाजूला हवा कमी, त्या बाजूला गाडी ओढते. हवा सारखी केली आणि ओढणं गेलं. टो बिघडला की टायर झिजतात, स्टेअरिंग वाकडं राहतं, पण नुसत्या पुढच्या टोमुळे गाडी एका बाजूला ओढत राहणं सहसा होत नाही. ठरावीक वेगाला स्टेअरिंग थरथरत असेल तर तो बहुधा बॅलन्सिंगचा, म्हणजे रिमला छोटी वजनं लावून चाकाचा तोल साधण्याचा प्रश्न, त्याचं काम वेगळं.

सगळेच जादा खर्च खोटे नसतात. टाय रॉड एंड किंवा लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणाऱ्या भागाचा) रबरी बुश ढिला असेल तर तो बदलल्याशिवाय अलाइनमेंट टिकणार नाही. फक्त तो ढिलेपणा हाताने दाखवायला सांगा. चाक उचलून घड्याळातल्या ९ आणि ३ च्या जागी धरून हलवलं की टाय रॉडचा प्ले कळतो. बदललेला जुना भागही मागून घ्या.

रिपोर्ट घेऊन पहिल्या दुकानात गेलो. मालक म्हणाला, "कॅम्बर केलाय हो, मशीनमध्ये दिसत नाही." मग केला तो कोणत्या बोल्टवर, ते दाखवा म्हटलं. तो गाडीखाली काही गेला नाही. थोडी हुज्जत घालून त्याने कॅम्बरचे पैसे परत केले. बिलात बॅलन्सिंगच्या वजनांचेही पैसे होते, ते मात्र दिले नाहीत, आणि चाकांवर ती किती लावली होती ते मोजायची सोय तोवर राहिली नव्हती. दुसऱ्या मिस्त्रीने ती काढून नव्याने बॅलन्सिंग केलं होतं.