सबवूफर, रिसीव्हर आणि क्रॉसओव्हर : आठ महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या 14 बाय 11 फुटांच्या हॉलमध्ये 4 ओहमचे दोन बुकशेल्फ स्पीकर, चॅनेलमागे 80 वॅटचा रिसीव्हर (स्पीकरांना सिग्नल वाटून देणारे आणि ते चालवणारे यंत्र) आणि स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर असलेला 10 इंची सबवूफर, म्हणजे फक्त खर्जाचे सूर वाजवणारा स्पीकर, गेले आठ महिने रोज वापरात आहे. खरेदीच्या वेळी माझे सगळे लक्ष वॅटच्या आकड्यांवर होते; पहिले दोन महिने मात्र क्रॉसओव्हरनेच, म्हणजे कोणत्या वारंवारतेखालचे सूर सबवूफरकडे जायचे ते ठरवणाऱ्या गाळणीनेच, खाल्ले.

दोष प्रथम कळला तो तबल्यावर. डग्ग्याची मींड खाली उतरताना मध्येच पोकळ होई आणि आणखी खाली गेल्यावर एकदम फुगे. जोडणी करून देणाऱ्याने रिसीव्हरमध्ये 80 हर्ट्झ निवडले होते आणि सबवूफरच्या पाठीवरचा नॉबही 80 वरच ठेवला होता, त्यामुळे सबवूफरकडे जाणारा सिग्नल दोनदा गाळला जाऊन सांध्यापाशीच दुबळा होत होता, शिवाय त्याचा फेजही, म्हणजे स्पीकरांच्या तुलनेत त्याच्या लहरीची वेळ, मागे पडत होता. नॉब शेवटपर्यंत फिरवून ते काम एकट्या रिसीव्हरवर सोपवले. मग 80 हर्ट्झचा स्वर लावून मी नेहमीच्या खुर्चीत बसलो आणि मुलीला फेजचा स्विच 0 व 180 असा आलटून पालटून फिरवायला सांगितले. 180 वर आवाज स्पष्टपणे भरला, तिथेच तो ठेवला. मींड आता सलग उतरते.

अ‍ॅम्प्लिफायरच्या बाबतीतही अडचण वॅटची नव्हे, याच वाटणीची निघाली. रिसीव्हरमध्ये स्पीकर ‘लार्ज’वर, म्हणजे खर्जासह सगळे सूर त्यांच्याकडेच, असताना मोठ्या आवाजात रिसीव्हरचे झाकण हाताला चांगलेच पोळे. एक सप्तक खाली तेवढ्याच जोराचा आवाज काढायचा तर वूफरच्या पडद्याला चौपट हलावे लागते, आणि हा भार छोट्या स्पीकरांवर टाकण्यात काहीच अर्थ नाही. ‘स्मॉल’ करून खर्ज सबवूफरकडे वळवल्यावर झाकण कोमट राहते आणि गायकाचा आवाजही मोकळा झाला. नवा पॉवर अ‍ॅम्प्लिफायर घेण्याचा विचार मी तेव्हाच सोडला.

मायक्रोफोन लावून केलेल्या आवाजाच्या स्वयंचलित मोजणीनंतर रिसीव्हरने सबवूफरची पातळी उणे 12 डेसिबलवर, म्हणजे त्याच्या खालच्या टोकाला, नेली होती. सबवूफरचाच गेन (त्याच्यावरचा आवाजाचा नॉब) कमी करून पुन्हा मोजल्यावर ती उणे 4 वर आली.

एक तक्रार अजून आहे. रात्री हळू आवाजात ऐकताना सबवूफर ‘ऑटो’वर झोपी जातो आणि पखवाजाच्या पहिल्या दोन थापा निघून गेल्यावर जागा होतो. म्हणून सध्या तो ‘ऑन’वरच असतो आणि झोपण्यापूर्वी भिंतीवरचे बटण मी आठवणीने बंद करतो.