रॉकस्टारच्या प्रेमकथा : सात महिने वाचून झाल्यावर

गेल्या श्रावणात भाचीनं माझ्या मोबाइलवर किंडलचं अ‍ॅप टाकलं, एक इंग्रजी कादंबरी उघडून दिली आणि म्हणाली, "मामी, ही वाच. यात मामाच आहे." नायक हजारो लोकांपुढं गिटार घेऊन गाणारा, नायिका त्याच्या बँडचा हिशेब ठेवणारी मुलगी. माझे मिस्टर ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड, म्हणजे काठ्यांनी वाजवायचं इलेक्ट्रॉनिक तालवाद्य, वाजवतात, तेवढ्यावरून ती तसं म्हणाली. मी सांगलीत राहते आणि नोकरी मिरजेत. सिटी बसमध्ये जाता-येता वाचून चार दिवसांत ती कादंबरी संपली. आता फाल्गुन चाललाय आणि याच जातीच्या एकवीस कादंबऱ्या वाचून झाल्यात. कुणी वाचायला घेणार असेल तर उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहिते.

आधी गोडी कशाची ते. या कथांची सगळी ताकद एका नजरेत आहे. पुढं मैदान भरलंय, लाइट फिरतायत, जो तो त्याच्याकडे बघतोय, आणि तो मात्र स्टेजच्या कडेला पडद्याआड उभ्या असलेल्या एकीकडे बघतो. एकवीसही कादंबऱ्यांत हा प्रसंग कुठं ना कुठं आहे आणि मला एकदाही त्याचा कंटाळा आला नाही. आमचं लग्न कांदेपोह्याचा कार्यक्रम होऊन ठरलेलं. मिस्टरांना वाजवताना मी पहिल्यांदा बघितलं ते लग्नानंतर दोन महिन्यांनी, तासगाव तालुक्यातल्या एका जत्रेत. मी बायकांच्या बाजूला एका ट्रॉलीला टेकून उभी होते. लावणीच्या आधी ढोलकीचा तुकडा ऑक्टोपॅडवर वाजवायचा होता. त्यांनी काठ्या उचलल्या, गर्दी गप्प झाली, आणि त्यांनी मान वळवून मी कुठं आहे ते शोधलं. मी दिसल्यावरच पहिला ठोका पडला. घरात चार माणसांत माझ्याशी बोलायला लाजणारा माणूस! त्या क्षणाला काय म्हणायचं ते मला इतकी वर्षं सापडलं नव्हतं. ते या परदेशी पुस्तकांत सापडलं.

दुसरी गोडी शेवटाची. अमेरिकेतल्या रोमान्स लेखकांच्या संघटनेनं या प्रकाराची व्याख्याच अशी केली आहे की गोष्टीच्या मध्यभागी प्रेमकथा हवी आणि शेवट समाधान देणारा, आशा ठेवणारा हवा. म्हणजे गोड शेवट पहिल्या पानाआधीच ठरलेला. यावरून या पुस्तकांना नावं ठेवणारे खूप भेटतात. मी हॉस्पिटलमध्ये कान तपासते. दिवसभरात कुणाला तरी "आता हे परत येणार नाही" असं ऐकून घ्यावं लागतं आणि मी समोर बसलेली असते. संध्याकाळच्या बसमध्ये मला असं काहीतरी हवं असतं ज्यात शेवटी परत येतं.

भाषा सोपी आहे, शब्दावर बोट दाबून धरलं की अर्थ येतो. इंग्रजीची धास्ती असणाऱ्यांनी खुशाल सुरुवात करावी.

आता उणिवा. सर्वांत मोठी म्हणजे या संगीताच्या कादंबऱ्यांत संगीतच नाही. प्रसिद्धी आहे, फोटोवाले आहेत, हॉटेलं आहेत, मोठी बस आहे. पण रियाज नाही, साउंडचेक दोन ओळींत उरकतात, वायरी कुणी गुंडाळताना दिसत नाही. लग्नानंतर पहिल्या महिन्यात मिस्टरांनी मला वायर गुंडाळायला शिकवलं. कोपराभोवती गुंडाळायची नाही, आतली तार पिळते आणि पुढच्या कार्यक्रमात ऐन गाण्यात खरखर सुरू होते. एक वेढा सरळ घ्यायचा, पुढचा मनगट फिरवून उलटा, म्हणजे फेकली की गाठ न पडता उलगडते. माझा हात हातात धरून त्यांनी ते मनगट फिरवून दाखवलं. माझ्यासाठी तो प्रेमाचाच प्रसंग होता. असा एक प्रसंग मी एकवीस पुस्तकांत शोधला आणि तो मला मिळाला नाही.

वेळेचंही तसंच. कादंबरीत शेवटचं गाणं झालं की पुढच्या ओळीत तो तिच्या मिठीत असतो. इथं रात्री दहाला स्पीकर बंद करायचा नियम आहे, गणपती-नवरात्रात ठरावीक दिवस बारापर्यंत सूट. कार्यक्रम दहाला संपला तरी सामान उतरवून टेम्पोत भरून सांगलीत यायला दोन वाजतात. ताटावर ताट झाकून ठेवलेलं असतं. त्या चार तासांबद्दल कुणी लिहीत नाही, आणि वाट बघणाऱ्या बाईचं आयुष्य त्या चार तासांतच असतं.

मग कान. हे मी जरा लांबवून लिहिणार आहे कारण यातलं मला कळतं. आमच्याकडे तपासणीत माणसाला हेडफोन लावून बंद खोलीत बसवतात, बारीक आवाज ऐकू आला की बटण दाबायचं. त्यावरून आलेख निघतो, उजव्या कानाचे लाल गोल, डाव्या कानाच्या निळ्या फुल्या. मोठ्या आवाजात वर्षानुवर्षं काम केलेल्याचा आलेख लगेच ओळखू येतो, कारण साधारण ४००० हर्ट्झच्या, म्हणजे वरच्या पट्टीच्या, आसपास खड्डा पडतो, तिथलं ऐकू कमी येतं. आवाज ८५ डेसिबल असेल तर आठ तास चालतो असं धरतात, पुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. १०० डेसिबलला पंधरा मिनिटंच उरतात, आणि ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम तीन तासांचा असतो. २०२२ मध्ये मिस्टरांचा आलेख मीच काढला. त्यांचा मॉनिटर, म्हणजे वाजवणाऱ्याला स्वतःचं ऐकू यावं म्हणून ठेवलेला स्पीकर, कायम डाव्या हाताला असतो. निळ्या फुल्या २००० पर्यंत नीट चालल्या, ४००० ला एकदम खाली गेल्या आणि ८००० ला थोड्या वर आल्या. ती फुली काढताना पेन्सिल दोनदा उचलून परत ठेवली.

बोलण्यातले स, श, फ असे नुसत्या हवेचे आवाज वरच्याच पट्टीत असतात. कुजबुज तर सगळी हवेचीच. आणि या कादंबऱ्यांतला सर्वांत लाडका प्रसंग कोणता, तर कार्यक्रम संपल्यावर तिनं त्याच्या कानात काहीतरी कुजबुजणं. तो दोन तास भल्यामोठ्या स्पीकरांसमोर उभा राहून आलेला असतो आणि त्याला एकेक अक्षर ऐकू येतं. कान वाजणं नाही, "काय म्हणालीस?" नाही. आमच्या घरी कुजबुजायचं तर उजव्या बाजूला जावं लागतं. पलंगावरच्या जागा आम्ही २०२२ मध्येच बदलल्या. एखाद्या लेखिकेनं हे लिहिलं तर तिची नायिका किती जवळची वाटेल!

नायिकेच्या कामाचं काय होतं, हेही मला खटकतं. पहिल्या पन्नास पानांत ती हिशेब बघत असते, नर्स असते, फोटो काढत असते. दोनशेव्या पानाला ती त्याच्या बसमध्ये असते आणि तिची नोकरी कुठं गेली ते कुणी विचारत नाही. खऱ्या आयुष्यात पॅटी बॉइड आधी बीटल्स बँडमधल्या जॉर्ज हॅरिसनची आणि मग गिटारवादक एरिक क्लॅप्टनची बायको होती. ती मॉडेल होती, स्वतः फोटो काढायची, पुढं त्या फोटोंची प्रदर्शनं भरली. तरी तिची ओळख सांगताना आधी त्या दोघांची नावं येतात. २०२४ मध्ये तिनं तिला आलेली प्रेमपत्रं लिलावात विकली. ती बातमी वाचताना मला कादंबऱ्यांतल्या सगळ्या नायिका वीस वर्षांनंतर कुठं असतील असं सारखं वाटत होतं.

आपल्याकडे असे तारे नव्हते असं नाही. बालगंधर्वांची साडी नेसायची पद्धत बायका उचलायच्या, आणखी काय हवं? १९११ मध्ये 'मानापमान'चा पहिला प्रयोग होता त्याच दिवशी त्यांची मुलगी गेली आणि तरी ते उभे राहिले. ही गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकतो, सांगणाऱ्याचा आवाज अभिमानानं भरून येतो. रॉकस्टारच्या कादंबरीत नेमकं उलटं घडतं, शेवटाकडे तो भरलेलं मैदान सोडून तिच्यामागं विमानतळावर धावतो. मला दोन्ही अपुरे वाटतात. त्या मुलीच्या आईनं ती रात्र कशी काढली हे मला वाचायचं आहे.

बाकी तक्रारी थोडक्यात. किंडल अनलिमिटेड या वर्गणी भरून वाचायच्या योजनेत जुलै २०१५ पासून लेखकाला वाचलेल्या पानांप्रमाणे पैसे मिळतात. त्यामुळंच की काय, एका फोननं मिटला असता असा गैरसमज शंभर पानं चालतो. बँडमधल्या प्रत्येकाची वेगळी कादंबरी निघते आणि ड्रमर बहुतेक वेळा पोरकट, खिदळणारा दाखवतात, त्याचा नंबरही शेवटी. ताल धरून सगळ्यांना सांभाळणारा माणूस असा रंगवलेला बघून मला वाईट वाटतं. आणि दारू. नायकाचं व्यसन नायिकेच्या प्रेमानं सुटतं, हे मी पाच-सहा पुस्तकांत वाचलं आणि प्रत्येक वेळी राग आला. आमच्या ऑर्केस्ट्रातल्या एका गायकाची बायको त्याच्यावर जीव टाकत होती. दारू सुटली ती केंद्रात राहून, उपचार घेऊन, मध्ये दोनदा परत सुरू होऊन. प्रेम कमी पडलं म्हणून ती स्वतःला दोष देत बसली होती, तिच्या हातात असलं पुस्तक पडायला नको.

निवडताना मी आता दोन गोष्टी बघते. नमुन्याची पानं फुकट वाचता येतात, त्यात नायिका तिच्या कामावर दिसली पाहिजे आणि नायकाच्या हाताला घट्टे, घशाला खवखव असं काहीतरी शरीराचं आलं पाहिजे. फक्त डोळे आणि टॅटू असतील तर मी पुढं जात नाही. या चाळणीतून सात महिन्यांत चार पुस्तकं उतरली. त्यातलं एक मी तीनदा वाचलंय. त्यात गायकाच्या स्वरयंत्रावर गाठी येतात, आठवडेच्या आठवडे बोलायचं नाही, सगळं चिठ्ठ्यांवर. नायिका त्याला परत आवाज लावायला शिकवते आणि शेवटपर्यंत तिचं काम सोडत नाही.

ते पुस्तक सध्या मी मिस्टरांना रात्री मराठीत सांगते, उजव्या बाजूला बसून, रोज एक प्रकरण. काल इस्लामपूरकडं कार्यक्रमाला निघताना टेम्पोत सामान चढवून झालं, चप्पल घालता घालता त्यांनी दारातून विचारलं, "त्याचा आवाज परत येतो का गं?" गोड शेवट ठरलेला असतो हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.