पुढच्या काचेचा कॅशलेस क्लेम: काम सोपं, हिशेब किचकट

गाडीच्या विम्यात सगळ्यात कमी कटकटीचा क्लेम पुढच्या काचेचा. गाडी कितीही जुनी असो, काचेवर घसारा शून्य. खडीच्या ट्रकमागून दगड उडाला तर पोलिसांचा कागदही सहसा मागत नाहीत. पॉलिसी मात्र स्वतःच्या गाडीचं नुकसान भरून देणारी हवी. नुसत्या थर्ड पार्टीवर दमडी मिळत नाही.

कॅशलेस म्हणजे कंपनी बिल थेट वर्कशॉपला भरते, तरी थोडे पैसे खिशातून जातातच. इंजिन १५०० सीसीपर्यंत असेल तर १००० रुपये, त्यापुढे २०००. वर्कशॉपवाले याला ‘फाइल चार्ज’ म्हणतात. झीरो डेप (घसारा न कापणारं जादा कव्हर) नसेल तर काचेभोवतीच्या रबरी बीडिंगचे निम्मेच पैसे मिळतात. काच चिकटवायचे सीलंट-प्रायमर ‘कन्झ्युमेबल’, म्हणजे वापरून संपणारं सामान, म्हणून कापले जाऊ शकतात.

पण खरा फटका एनसीबीचा, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल प्रीमियमवर मिळणाऱ्या ‘नो क्लेम बोनस’ सवलतीचा. समजा ओन डॅमेजचा (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा) प्रीमियम १२,००० आहे आणि तुम्ही ५० टक्क्यांवर आहात. क्लेम घेतला की पुढच्या वर्षी सवलत शून्य, मग २०, २५, ३५, ४५ असं परत चढायचं. प्रीमियम तोच धरला तर पाच वर्षांत ६०००, ३६००, ३०००, १८०० आणि ६००, म्हणजे एकूण १५,००० जास्त जातात, जीएसटी वेगळा. गाडीची किंमत दरवर्षी उतरते म्हणून प्रत्यक्षात आकडा थोडा कमी येईल, तरी छोट्या हॅचबॅकच्या सात-आठ हजारांच्या काचेसाठी हा सौदा तोट्याचाच. एनसीबी प्रोटेक्ट (क्लेमनंतरही ही सवलत टिकवणारं जादा कव्हर) असेल, किंवा काचेमागे पाऊस-सेन्सर आणि कॅमेरा असून काच महागडी असेल, तर बिनधास्त क्लेम टाका. कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन (नव्या काचेमागे तो नीट जुळवणं) एस्टिमेटमध्ये आधीच लिहून घ्या. नंतर वाढवलेल्या रकमेवरूनच वाद होतात.

काच काढण्याआधी कंपनीला कळवा. तडा, नंबरप्लेट आणि पूर्ण गाडी एका फोटोत येऊ द्या. काच आधीच बदललीत तर सर्व्हेअरला (कंपनीच्या तपासनिसाला) दाखवायला काही उरत नाही. आरसी, लायसन्स, पॉलिसी आणि केवायसी एवढ्यात बहुधा भागतं. नाण्याएवढा टवका असेल, तडा कडेपर्यंत गेला नसेल आणि तो ड्रायव्हरच्या नजरेसमोर नसेल, तर रेझिन भरून काम होतं. मग क्लेमच नको.

बसवण्याच्या कामात मात्र वर्कशॉपगणिक फरक पडतो. जुनं सीलंट तारेने कापताना पत्र्यावर ओरखडा गेला आणि त्यावर प्रायमर लावला नाही, तर तिथे गंज धरतो आणि पावसाळ्यात डॅशबोर्डखाली पाणी उतरतं. काच लावण्यापूर्वी पत्र्याची ती कडा स्वतः बघा. नव्या काचेवर आयएसआय खूण आणि सेंट-गोबेन सेक्युरिट किंवा एआयएससारखं नाव छापलेलं असतं, ते बिलाशी जुळवा. गाडी कधी हलवायची ते सीलंटवर अवलंबून असतं, म्हणून मेकॅनिककडून वेळ लिहून घ्या. पहिला दिवस एक खिडकी बोटभर उघडी ठेवा (दार आपटलं की आतल्या हवेच्या दाबाने ओलं सीलंट सरकतं) आणि प्रेशर वॉशिंग टाळा.

फास्टॅग जुन्या काचेबरोबरच जातो. गाडी वर्कशॉपला देण्याआधीच बँकेकडे नवा मागवा, नाहीतर टोलनाक्यावर जादा पैसे मोजावे लागतील.