आर्किटेक्टचं मॉडेल एनर्जी सॉफ्टवेअरमध्ये नेताना: जीबीएक्सएमएल, आयएफसी की सरळ नव्याने काढायचं?

जीबीएक्सएमएल आणि आयएफसी हे इमारतीचं मॉडेल एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेण्याचे फाइल फॉरमॅट. मॉडेल रेव्हिटमधलं (आर्किटेक्टचं त्रिमितीय मॉडेल काढायचं सॉफ्टवेअर) असेल आणि पुढे ऊर्जेच्या गणितासाठी डिझाइनबिल्डर, आयईएस किंवा ओपनस्टुडिओ वापरायचं असेल, तर मी डोळे झाकून जीबीएक्सएमएल मागतो. आयएफसी घ्यायलाही माझी ना नाही, पण त्याला एक अट आहे.

सिम्युलेशनच्या, म्हणजे ऊर्जेच्या या गणिताच्या, दृष्टीने इमारत म्हणजे एकमेकांना चिकटलेले बंद डबे. खोली हा डबा, आणि भिंत म्हणजे कागदासारखा सपाट पृष्ठभाग; जाडी आणि थर वेगळे नोंदवायचे. प्रत्येक पृष्ठभागाबद्दल मुख्य प्रश्न एकच: पलीकडे काय आहे? बाहेरची हवा, माती की शेजारची खोली?

जीबीएक्सएमएल 2000 च्या सुमारास याच कामासाठी तयार झालं. त्यात प्रत्येक पृष्ठभागासोबत तो बाहेरचा की आतला आणि कोणत्या खोल्यांना लागून आहे, हे लिहिलेलं असतं. एनर्जीप्लस हे प्रत्यक्ष गणित करणारं इंजिन स्वतः ही फाइल वाचत नाही, पण वर सांगितलेली सॉफ्टवेअर ती वाचून एनर्जीप्लसला किंवा आपापल्या इंजिनला पुरवतात.

आयएफसीचा संसार मोठा. आयएसओ 16739 म्हणून 2013 पासून ते आंतरराष्ट्रीय मानक आहे, आणि स्ट्रक्चर, प्लंबिंग, खर्च, देखभाल असं सगळं त्यात मावतं. भिंत तिथे खरी, जाडीसकट. तिचे सपाट पृष्ठभाग हवे असतील तर फाइलमध्ये स्पेस बाउंडरी, म्हणजे खोलीला वेढणाऱ्या पृष्ठभागांच्या नोंदी, असाव्या लागतात, आणि त्यांच्या दोन पातळ्या असतात. समजा, शाळेचा लांब कॉरिडॉर आहे आणि त्याच्या एका भिंतीपलीकडे तीन वर्ग आहेत. पहिल्या पातळीत कॉरिडॉरच्या बाजूने ही भिंत एकच सलग तुकडा. दुसऱ्या पातळीत तिचे वर्गांप्रमाणे तीन तुकडे होतात, आणि वर्गांमधल्या भिंतींची टोकं जिथे टेकतात ते भाग वेगळे निघतात. एका वर्गात एसी आणि शेजारच्यात नुसता पंखा असेल, तर उष्णतेचा हिशोब दुसऱ्या पातळीशिवाय जमत नाही. माझी अट हीच. रेव्हिटच्या आयएफसी एक्सपोर्टमध्ये हा पर्याय आहे, पण तो निवडायचं बहुतेकांच्या लक्षात येत नाही. फाइल हाती आली की ती नोटपॅडमध्ये उघडून ‘स्पेसबाउंडरी’ हा शब्द इंग्रजीत शोधा. एकही सापडला नाही तर ती फाइल पाहायला छान, गणिताला निरुपयोगी.

जीबीएक्सएमएलही काही सोवळं नाही. जिन्याखालच्या कोठीला किंवा शाफ्टला (पाइप-वायरींची उभी पोकळी) ‘रूम’, म्हणजे मॉडेलमधली खोलीची नोंद, लावायची राहिली, की त्यांच्या भिंती बाहेरच्या समजल्या जातात आणि इमारतीच्या पोटातल्या भिंतीला मे महिन्याचं ऊन लागतं! रूमची उंची वरच्या स्लॅबपर्यंत नेली नसेल तर फॉल्स सीलिंगवरची जागा गायब होते. गोल भिंतीचे सपाट तुकडे पडतात. छज्जे बहुधा नुसती सावली म्हणून येतात, आणि तेवढं आपल्याला पुरतं.

म्हणून बारा-पंधरा खोल्यांच्या ऑफिससाठी मी दोन्ही फॉरमॅट बाजूला सारतो. एनर्जी सॉफ्टवेअरमध्येच खाली प्लॅन लावून त्यावर झोन, म्हणजे गणितातले डबे, काढतो. दिवसभराचं काम, पण कोणती भिंत कुठे आहे ते पाठ होतं. आयात केलेल्या मॉडेलमध्ये तितकाच वेळ चिंचोळ्या फटी बुजवण्यात जातो, हे पहिल्या वेळी कुणालाच पटत नाही. अनेक मजल्यांचं हॉस्पिटल असेल तर मात्र आयातीला पर्याय नाही.

आर्किटेक्ट रेव्हिटऐवजी आर्किकॅडवर असेल किंवा प्रकल्पात चार कंपन्यांची चार सॉफ्टवेअर असतील, तर आयएफसीकडे झुका. आर्किटेक्टने आधीच आयएफसी दिलेलं असेल आणि त्यात दुसरी पातळी नसेल, तर भांडत बसू नका, प्लॅनच मागा.

वेळापत्रकं, माणसांची संख्या, दिव्यांचे वॅट ही माहिती दोन्ही फॉरमॅटमध्ये मावते, पण आर्किटेक्टच्या मॉडेलमधून आलेले आकडे बहुतेकदा सॉफ्टवेअरचे ठोकळ डिफॉल्ट असतात. मी ते पुसून स्वतः भरतो. पुण्याची किंवा नागपूरची हवामान फाइलही वेगळी जोडावीच लागते. आणि डिझाइन बदललं की नवी फाइल येते, तेव्हा हे भरलेलं सगळं पुन्हा जोडायचं असतं. त्यामुळे खोल्यांचे क्रमांक बदलणार नाहीत, एवढं आर्किटेक्टकडून पहिल्याच मीटिंगमध्ये कबूल करून घ्या.