कॅनन ५० मिमी एफ/१.८ एसटीएम: किट लेन्सनंतरची पहिली लेन्स

डीएसएलआरसोबत मिळणारी १८-५५ मिमी किट लेन्स ५५ मिमीवर एफ/५.६ पलीकडे उघडत नाही (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर, मोठं). ही ५० मिमी एफ/१.८ पर्यंत उघडते, म्हणजे तीन स्टॉपहून जास्त प्रकाश (एका स्टॉपला प्रकाश दुप्पट): आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, ३२०० ऐवजी ४०० वर भागतं. नवशिक्यांचे फोटो बिघडतात तेही इथेच, कारण एफ/१.८ वर फार थोडी खोली स्पष्ट येते. जवळून चेहरा टिपताना नाक स्पष्ट, डोळे धूसर! डायल एव्हीवर (अ‍ॅपर्चर आपण ठरवायचा मोड) ठेवा, एकच फोकस पॉइंट निवडून जवळच्या डोळ्यावर आणा आणि अ‍ॅपर्चर एफ/२.८ करा. हाताची थरथर सावरणारं स्थिरीकरण लेन्समध्ये नाही, लहान आकाराच्या क्रॉप सेन्सरवर ती ८० मिमीसारखी वागते, म्हणून शटर १/१०० सेकंदापेक्षा संथ होऊ देऊ नका. ३५ सेंटिमीटरच्या आत फोकस लागत नाही. वजन फक्त १६० ग्रॅम, माउंट धातूचा. छोट्या खोलीतल्या ग्रुप फोटोला मात्र जास्त रुंद दृश्य टिपणारी किट लेन्सच बरी.