मुलगा की मुलगी, हा हिशेब नीट समजावून देणारे परळचे सोनोग्राफी केंद्र

माझ्या धाकट्या जावेची विसाव्या आठवड्याची सोनोग्राफी परळच्या एका लहान केंद्रात झाली. त्या दिवशी सासूबाई आणि मी, दोघीही तिच्यासोबत होतो. तिला आधीच्या दोन मुली आहेत, त्यामुळे काळाचौकीच्या आमच्या चाळीत "आता तरी मुलगाच हो" हे वाक्य पाणी भरताना नळावरसुद्धा तिच्या कानावर पडत असे. या केंद्रात त्या वाक्याला जे उत्तर मिळाले, त्यासाठीच मी हे लिहीत आहे.

आत शिरताच नोंदणीचे प्रमाणपत्र आणि येथे गर्भलिंग निदान केले जात नाही हा फलक समोर दिसतो. गर्भलिंग निदानविरोधी कायद्यानुसार भरावा लागणारा फॉर्म एफ भरताना आधीची अपत्ये, त्यांतील मुलगे किती व मुली किती, हे विचारले जाते. पूर्वी एका ठिकाणी हाच कागद जावेपुढे सरकवून "इथे सही करा" एवढेच सांगण्यात आले होते. इथे मात्र परिचारिकेने गर्भाचे लिंग जाणून घ्यायचे नाही हे प्रतिज्ञापत्र मराठीत मोठ्याने वाचले, अर्थ समजल्याची खात्री केली आणि मगच सही घेतली.

तपासणी घाईची नव्हती. मण्यांच्या माळेसारखा पाठीचा कणा, हृदयाचे चार कप्पे, मुठीतून क्षणभर उघडलेली बोटे, हे सारे डॉक्टरबाईंनी पडद्यावर दाखवले. तेवढ्यात सासूबाईंनी विचारलेच, "डॉक्टर, दोन मुली झाल्या, म्हणजे या खेपेला मुलगा होण्याची शक्यता जास्त ना?"

असा प्रश्न आला की पुष्कळ जण कायद्याचे नाव घेऊन माणसाला गप्प करतात. या बाईंनी खुर्ची जवळ ओढली आणि कोऱ्या कागदावर आईकडची एक्स-एक्स व वडिलांकडची एक्स-वाय अशी गुणसूत्रे काढून दाखवली. आईच्या बीजात नेहमी एक्सच असतो. वडिलांच्या शुक्राणूतून एक्स आला तर मुलगी आणि वाय आला तर मुलगा, आणि हा निकाल गर्भधारणेच्या क्षणीच लागतो. जगभरात दर १०० मुलींमागे साधारण १०५ मुलगे जन्मतात, म्हणून प्रत्येक खेपेला मुलाची शक्यता सुमारे ५१ टक्के असते. "पण तिन्ही मुलीच होणे तर क्वचितच ना?" असे मी विचारले, तेव्हा त्यांनी दिलेले उत्तर मला फार मोलाचे वाटते. तीन अपत्ये असलेल्या शंभर घरांत तिन्ही मुलीच असलेली घरे सुमारे अकरा-बाराच भरतील, हे खरे आहे. परंतु ज्या घरात दोन मुली आधीच जन्मल्या आहेत, तिथे तिसऱ्या वेळी पुन्हा जवळपास निम्मे-निम्मेच असते. "आजी, मागच्या बाळंतपणांची आठवण या पेशींना नसते," असे त्या म्हणाल्या. पोटाचा आकार, आंबट-गोडाचे डोहाळे, बाळाच्या ठोक्यांचा वेग यांवरून काही कळत नाही, हेही त्यांनी सांगितले.

तेव्हा जावेने घाबरतच एक गोष्ट कबूल केली. मुलगा व्हावा म्हणून शेजारणीच्या सांगण्यावरून तिने दुसऱ्या महिन्यात एका दुकानातून सात पुड्या आणल्या होत्या, गोऱ्हा असलेल्या गाईच्या दुधातून घ्यायच्या. पुडीवर ना घटकांची नावे होती, ना बनवणाऱ्याचे नाव. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. त्यांनी ती नोंद केसपेपरवर केली आणि उरलेली पुडी तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवायला सांगितली, कारण अशा औषधांत संप्रेरके किंवा जड धातू असतील तर बाळाला अपाय होऊ शकतो. मग त्या म्हणाल्या की असे औषध विकणाऱ्याच्या शंभर गिऱ्हाइकांपैकी एक्कावन्न जणींना पुडीशिवायही मुलगाच होणार असतो. त्या त्याचे नाव गावभर करतात आणि बाकीच्या गप्प बसतात. मला हे बोलणे चाळीतल्या प्रत्येक घरी नेऊन सांगावेसे वाटते.

गर्भलिंग चाचण्यांवर निर्बंध घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये, देशात सर्वांत आधी केला आणि केंद्राचा कायदा १९९४ साली आला. तरीही २०११ च्या जनगणनेत राज्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. निसर्गाच्या हिशेबाने हा आकडा साडेनऊशेच्या आसपास हवा. तो आकडाही त्याच कागदाच्या कडेला लिहिलेला होता, आणि सासूबाईंनी तो बोट ठेवून दोनदा वाचला.

उणिवाही आहेत. केंद्र पहिल्या मजल्यावर असून लिफ्ट नाही, जिना अरुंद आहे आणि गर्भवतीसोबत आलेल्या वयस्कर बायकांना बसायला पुरेशा खुर्च्या नाहीत. वेळ घेऊन गेलो असूनही आम्हांला सव्वा तास थांबावे लागले. अहवाल मात्र त्याच संध्याकाळी मिळाला. जाताना डॉक्टरांची चिठ्ठी, ओळखपत्र आणि आधीचे अहवाल सोबत ठेवावेत, आणि शनिवार टाळावा.