'१ टीबी'च्या पेनड्राइव्हमधून गायब झालेलं लग्न

लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांनी, वाचनालयाचे स्कॅन सांभाळणाऱ्यांनी, घरचे फोटो पेनड्राइव्हवर टाकून ठेवणाऱ्यांनी हे जरूर वाचा. माझी फसवणूक झाली ती पैशांपुरती असती तर लिहायला बसलोही नसतो. पण त्यात एका घरातल्या लग्नाचं चित्रण कायमचं गेलं.

मी लग्नांचं शूटिंग करतो आणि एडिटिंग उबंटू या लिनक्स सिस्टीमवर करतो. ऐन लग्नसराईत एका शॉपिंग अ‍ॅपवरच्या विक्रेत्याकडून १ टीबीचा पेनड्राइव्ह मागवला. किंमत हजाराच्या आत, चार तारे, खाली ढीगभर 'मस्त प्रॉडक्ट'. धातूचं कव्हर, त्यावर कोरलेलं '१ टीबी'. लॅपटॉपला लावून 'डीएफ -एच' ही जागा दाखवणारी कमांड दिली तर ९३१ जी (जीबी) दिसले, म्हणजे १ टीबीच्या ड्राइव्हवर दिसायला हवेत तेवढेच.

'हळद', 'सीमांतपूजन', 'लग्न', 'वरात' असे फोल्डर आधी बनवून घेतले आणि कॅमेऱ्याच्या कार्डांवरचं सगळं त्यात कॉपी केलं. एकही एरर आली नाही. नावं, साइज, तारखा सगळं जागच्या जागी. वरातीची शेवटची क्लिप उघडून पाहिली, तीही व्यवस्थित चालली. दुसऱ्या दिवशीच्या कामासाठी कार्डं रिकामी केली. सीझनमध्ये या धंद्यात सगळे हेच करतात.

एडिटिंगला बसलो तेव्हा हळद पूर्ण होती. सीमांतपूजन मधूनच तुटलं. 'लग्न'मधली एकही क्लिप प्लेअरने उघडली नाही. फाइलच्या आतला कच्चा डेटा दाखवणारी 'हेक्सडम्प -सी' कमांड लावून त्यातली एक फाइल पाहिली. पहिल्या ओळीत सगळी शून्यं, खाली एक तारांकन, म्हणजे 'पुढेही हेच', आणि मग फाइलचा शेवट. काही जीबींची फाइल आणि आत शून्याखेरीज काहीही नाही.

विक्रेत्याला कळवलं तर उत्तर आलं, "सर, लिनक्समध्ये जागा कमीच दिसते. विंडोजवर फॉर्मॅट करून घ्या."

या उत्तराचा मला सगळ्यात जास्त राग आहे, कारण त्यात अर्धं सत्य आहे आणि त्याच्याच आड ही मंडळी लपतात. लिनक्समध्ये जागा 'कमी' दिसण्याची खरी कारणं आहेत. कंपन्या हजाराच्या पटीत मोजतात आणि 'डीएफ -एच' १०२४ च्या पटीत, म्हणून १ टीबीचे ९३१ होतात आणि ६४ जीबीचे साधारण ६० च्या खाली. 'डीएफ -एच' मधला एच कॅपिटल केलात की हजाराच्या पटीतला आकडा मिळतो. लिनक्सचा ईएक्सटी४ फॉर्मॅट असेल तर ५ टक्के जागा रूटसाठी, म्हणजे सिस्टीमच्या मुख्य युजरसाठी, राखून ठेवलेली असते. पेनड्राइव्हवरच्या फायली डिलीट केल्या तरी त्या तिथल्याच 'ट्रॅश-१०००' या लपलेल्या फोल्डरमध्ये पडून असतात. आणि कधी सिस्टीम इन्स्टॉल करायची आयएसओ फाइल त्यावर लिहिलेली असेल तर उरलेली जागा कुठल्याच पार्टिशनमध्ये (विभागात) न येता पडून राहते. ड्राइव्ह आणि पार्टिशनांची यादी देणाऱ्या 'एलएसबीएलके' कमांडमध्ये ती लगेच कळते. यातलं काहीही तुमचा डेटा खात नाही.

बनावट ड्राइव्हचं उलटं असतं. तिथे जागा कमी दिसत नाही, पुरेपूर दिसते. यूएसबी लावल्यावर कॉम्प्युटर ड्राइव्हच्या आतल्या कंट्रोलर चिपला विचारतो, 'किती जागा आहे?' आणि जे उत्तर येईल ते खरं मानतो, मग लिनक्स असो वा विंडोज. फसवणारे त्या चिपच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे तिच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये, आकडा बदलतात आणि आत मेमरी बसवतात छोटीशी. फॉर्मॅट करताना सहसा फक्त सुरुवातीचा भाग लिहिला जातो, म्हणून फॉर्मॅटही बिनबोभाट होतो. खऱ्या जागेपलीकडे गेलेला डेटा चिप मुकाट्याने टाकून देते आणि 'लिहिलं' म्हणून कळवते. फोल्डरची यादी सुरुवातीच्या खऱ्या मेमरीत असल्याने नावं शाबूत राहतात. काही ड्राइव्ह पुन्हा पहिल्यापासून लिहायला लागतात, मग जुन्या फायलीही जातात. आणि ती वरातीची क्लिप का चालली? नुकतीच कॉपी झालेली फाइल लिनक्स रॅममधल्या कॅशमधूनच, म्हणजे तात्पुरत्या साठ्यातूनच, दाखवतो, ड्राइव्हपर्यंत जातच नाही.

हे उघड करणारं साधन फुकट आहे: 'एफ३'. उबंटू आणि डेबियनमध्ये 'सुडो एपीटी इन्स्टॉल एफ३' एवढंच करायचं. नवीन, रिकामा ड्राइव्ह घ्या. 'एफ३राइट' तो १-१ जीबीच्या फायलींनी काठोकाठ भरतं. मग ड्राइव्ह काढून पुन्हा लावा आणि 'एफ३रीड' चालवा. ते सगळं परत वाचून किती डेटा ठीक आणि किती गेला हे सांगतं. मोठ्या ड्राइव्हला तासन्‌तास लागतात, तरी रात्रभर लावून ठेवा. घाई असेल तर 'एफ३प्रोब' बऱ्याचदा काही मिनिटांत निकाल देतं, पण त्यात डिव्हाइसचं नाव द्यावं लागतं. ते आधी 'एलएसबीएलके'मध्ये नीट तपासा, कारण आधीचा डेटा न जपणारा 'डिस्ट्रक्टिव्ह' पर्याय लावून एसडीबीच्या (पेनड्राइव्हच्या) जागी एसडीए (लॅपटॉपची डिस्क) टाकलंत तर स्वतःचीच डिस्क उडेल. माझ्या ड्राइव्हवर 'एफ३प्रोब'ने 'काउंटरफिट' (बनावट) आणि प्रकार 'लिंबो', म्हणजे जादा डेटा टाकून देणारा, असा शेरा दिला. वापरता येण्याजोगी जागा निघाली जेमतेम २९ जीबी. 'एफ३फिक्स'ने तेवढ्याच जागेचं पार्टिशन करता येतं, पण असल्या चिपवर महत्त्वाचं काही ठेवू नका.

रिकाम्या केलेल्या कार्डांवर फोटोरेक हे पुसलेल्या फायली परत मिळवणारं सॉफ्टवेअर चालवून वरातीचे काही तुकडे मिळाले. मंगलाष्टकं आणि सप्तपदीवर दुसऱ्या दिवशीचं शूटिंग चढलं होतं. मुलीच्या वडिलांना घरी जाऊन सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "आहे तेवढं द्या." त्यांचे पैसे मी परत केले, पण त्याने काय भरून येणार?

तक्रार मात्र सोडू नका. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, बिल, 'एफ३'चा निकाल जपून ठेवा आणि परतीची मुदत संपण्याआधी अ‍ॅपवर लेखी कळवा. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा, मराठीतही बोलता येतं. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही आणि मुदत २ वर्षांची आहे. मला ड्राइव्हचे पैसे हेल्पलाइनवर नोंद केल्यानंतर मिळाले. तोच फोटो, तेच कोरलेलं कव्हर आता दुसऱ्या विक्रेत्याच्या नावावर विकायला आहे, आणि या खेपेला वर '२ टीबी' लिहिलं आहे.